फेब्रुवारीतली सावली आणि गच्चीवरचं शेकरू

पत्राचा सारांश: सहकारनगरमधल्या एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या, पासष्टी ओलांडलेल्या ताईंचं हे पत्र. त्यांचा मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात काही वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गला राहून गेल्या जूनमध्ये कायमचे पुण्यात परतले. तिकडे दर २ फेब्रुवारीला 'ग्राउंडहॉग डे'ची धमाल असायची. ग्राउंडहॉग या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या सावलीवरून थंडी किती राहणार ते सांगायचं, असा तो दिवस. एका वर्षी तर शेजारच्या बाई या तिघांना मध्यरात्रीच गाडीत घालून पंक्सटॉनी गावी तो सोहळा दाखवायला घेऊन गेल्या होत्या. आता नातीला तो दिवस सोसायटीच्या गच्चीवर करायचा आहे. सूर्य उगवताना तळमजल्यावरच्या मुलाचा पाळलेला ससा खोक्यातून बाहेर काढायचा. त्याची सावली पडली तर थंडी आणखी सहा आठवडे राहणार, नाही पडली तर लवकर जाणार, असं जाहीर करायचं, असा तिचा बेत. ताईंचे यजमान हवामान खात्यातून निवृत्त झालेले. 'माझ्या घरात ही अंधश्रद्धा चालणार नाही' असं त्यांनी बजावलं, सुनेशी त्यांचं बोलणं तुटक झालं आहे आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी तरी 'आपले सण कमी पडले का?' असं लिहिलं आहे. ताई विचारतात, नातीचं मन मोडू की यजमानांचं? आणि हे परकं खूळ घरात येऊ द्यावं का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तुम्ही जाता जाता सांगून टाकलीत. नऊ वर्षांची मुलगी नव्या शहरात येते, नव्या शाळेत जाते आणि सात-आठ महिन्यांत सोसायटीतल्या मुलांना गच्चीवर जमवायचा बेत आखते. परदेशातून परतलेल्या घरांतून मला जी पत्रं येतात, त्यांत 'मूल कुणात मिसळत नाही, खोलीतून बाहेर येत नाही' हीच तक्रार जास्त असते. तुमची नात स्वतःहून मिसळायला निघाली आहे आणि जवळची एक गंमत सगळ्यांना वाटायला घेऊन निघाली आहे. म्हणून माझा कौल सुरुवातीलाच देते. हा दिवस होऊ द्या, मनापासून होऊ द्या. त्यात ससा मात्र नको. दोन्हींची कारणं पुढे लिहिते.

आधी त्या सणाबद्दल, कारण तुमच्या घरातल्या वादात त्याच्याकडे नीट पाहायला कुणाला सवड झालेली दिसत नाही. युरोपात २ फेब्रुवारीला कँडलमस हा मेणबत्त्यांचा ख्रिस्ती सण असतो. हिवाळ्याचा हा साधारण मध्य. या दिवशी शेतकरी गोठ्यातला चारा आणि घरातलं सरपण निम्मं तरी उरलंय ना, हे पाहून घेत. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं तर थंडी लांबणार, आभाळ भरून आलं तर ती लवकर सरणार, असा लोकांचा समज होता. जर्मन मुलखात बिळातून बाहेर येणाऱ्या बॅजर नावाच्या प्राण्याच्या सावलीवरून हे ठरवत. तिथली माणसं पेनसिल्व्हेनियात येऊन वसली तेव्हा त्यांना जमिनीत बीळ करून राहणारा, थंडीभर गाढ झोपणारा ग्राउंडहॉग जागोजाग दिसला आणि बॅजरचं काम त्याच्याकडे आलं. पंक्सटॉनीच्या वर्तमानपत्रात या दिवसाची नोंद १८८६ साली झाली आणि पुढच्याच वर्षी माणसं गॉब्लर्स नॉब नावाच्या टेकडीवर जमू लागली. सुरुवातीच्या त्या काळात तिथले लोक ग्राउंडहॉगची शिकार करून मेजवानी करत, हेही सांगायला हवं. पुढे मेजवानी मागे पडली आणि ज्याला खात होते त्यालाच त्यांनी उत्सवमूर्ती केलं. आज जेमतेम सहा हजार वस्तीच्या त्या गावात कडाक्याच्या थंडीत पहाटेपासून हजारोंची गर्दी उसळते.

आणि ते करतात काय? 'इनर सर्कल' नावाच्या मंडळाची मोठी माणसं उंच काळ्या टोप्या आणि लांब कोट घालून येतात. 'फिल' नावाच्या ग्राउंडहॉगला बाहेर काढतात. मंडळाचे अध्यक्ष खास काठी हातात घेऊन त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलल्याचा आव आणतात. दोन गुंडाळ्या तयारच असतात. त्यातली एक फिलनं निवडली असं सांगून ती मोठ्यानं वाचतात. मंडळाचं म्हणणं असं की, १८८६ पासून हा एकच फिल आहे, दरवर्षी एक जादूचा काढा प्यायल्यामुळे तो जिवंत आहे आणि त्याचं भाकीत आजवर एकदाही चुकलेलं नाही. फिलला बायको आहे, तिचं नाव फिलिस. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांना दोन पिल्लं झाली, त्यांची नावं सनी आणि शॅडो ठेवली आहेत.

आता यजमानांना एक विचारून पाहा. हे सगळं ऐकून त्यांना खरोखर वाटतं का, की टेकडीवर जमलेली माणसं या प्राण्यावर विश्वास ठेवून आली आहेत? आजवर शंभराहून अधिक वेळा फिलला सावली दिसली, न दिसल्याची वर्षं त्या मानानं फारच थोडी. अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेनं अलीकडच्या वर्षांचा ताळा मांडला तेव्हा त्याचे दहातले साधारण चारच अंदाज बरोबर निघाले. नुसतं नाणं उडवलं असतं तरी त्याहून जास्त बरोबर आले असते. हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. तरी लोक येतात, कारण हिवाळा नकोसा झालेला असतो, दिवस लहान असतात आणि सगळ्या गावाला एकत्र हसायला एक निमित्त हवं असतं.

अंधश्रद्धेला यजमानांचा विरोध आहे, तो मला पूर्णपणे मान्य आहे. पुण्यात राहून तो कुणाला नसावा? पण अंधश्रद्धा ओळखायची माझी कसोटी साधी आहे. त्या समजुतीवर विसंबून कुणी निर्णय घेतो का? कुणी पैसा, भीती किंवा अंगातलं दुखणं घेऊन तिच्या दारात उभा राहतो का? खेळ करणारा 'हे खरं आहे' असं सांगून समोरच्याला फसवतो का? फिलचं ऐकून पेनसिल्व्हेनियात कुणी पेरणी पुढे ढकलत नाही. खेळ मांडणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना, दोघांनाही तो खेळ आहे हे ठाऊक असतं. तुमच्या नातीलाही ते ठाऊक आहे का, हे तिलाच प्रेमानं विचारा. 'फिल खरंच इतकी वर्षं जगला असेल का गं?' असं म्हणा आणि तिचा चेहरा पाहा. नऊ वर्षांची मुलं या प्रश्नावर डोळे मिचकावतात. ती मिचकावली तर काळजीचं काहीच कारण नाही. ती गोंधळली तर तिच्या आजोबांपेक्षा चांगला समजावून सांगणारा माणूस तुम्हाला कुठे मिळणार?

'परकं खूळ' या तुमच्या दुसऱ्या काळजीबद्दल जरा जास्त लिहिणार आहे. ताई, तुम्ही लहानपणी भोंडला खेळला असाल. नवरात्रात, हस्त नक्षत्राच्या पावसात, पाटावर हत्ती काढायचा किंवा हत्तीचं चित्र मांडायचं, त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचं आणि यजमानीण हरेपर्यंत किंवा आपण हरेपर्यंत अंदाज बांधत राहायचं. त्या खेळात एक प्राणी आहे, ऋतू आहे, लहान मुली आहेत आणि अंदाज आहे. गच्चीवरच्या तुमच्या नातीच्या बेतातही हेच चौघं आहेत. ती ज्याला ग्राउंडहॉग म्हणते त्याची जागा आपल्या पाटावर हत्तीकडे आहे, इतकाच फरक.

त्याहून जवळचं नातं पंचांगात सापडेल. मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसाच्या नक्षत्रांना दरवर्षी वाहनं दिलेली असतात. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती, अशी ही नऊ वाहनं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की घरातली म्हातारी माणसं खूश होत, कोल्हा किंवा मेंढा आला की 'यंदा ओढ देणार' असं म्हणत. हे ठरतं कसं, तर सूर्य त्या नक्षत्रात शिरतो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं आणि बाकी उरेल त्या क्रमांकाचं वाहन घ्यायचं. म्हणजे निव्वळ भागाकार. त्यात ढग कुठेच नाही. तरीही जूनमध्ये 'यंदा मृगाचं वाहन काय?' असं विचारण्यात एक गोडी आहेच, आणि हा प्रश्न विचारणारा शेतकरी पेरणी करताना शेवटी जमिनीतली ओलच पाहतो. कावळ्यानं घरटं झाडाच्या शेंड्याला बांधलं की फांदीच्या बेचक्यात, यावरूनही आपल्याकडे पावसाचे आडाखे बांधतात. पावशा ओरडायला लागला की 'पेरते व्हा' असं तो सांगतोय, हे किती पिढ्यांनी ऐकलं असेल! प्राण्यांच्या तोंडून ऋतू वदवून घेण्याची हौस पेनसिल्व्हेनियात जितकी आहे, तितकीच आपल्या ओसरीवरही आहे. ग्रुपवर लिहिणाऱ्यांना वाद घालून हे पटवत बसू नका. तो निरोप तसाच राहू द्या आणि त्यांच्या दारात जाऊन त्यांना कार्यक्रमाला बोलवा.

आणखी एक. तुमचा मुलगा तिकडे गणपती बसवायचा आणि शेजारच्या त्या बाई मोदक करायला शिकायला आल्या होत्या, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. त्याच बाई पुढे मध्यरात्री उठून तुमच्या माणसांना आपला सण दाखवायला घेऊन गेल्या. त्यांनी 'आमचे सण कमी आहेत का' असं विचारलं नाही. तुमच्या नातीच्या मनात २ फेब्रुवारी हा त्या बाईंच्या गाडीतल्या गरम चॉकलेटचा, त्या अंधाराचा आणि त्या मायेचा दिवस आहे. तो पुसून टाकल्यानं ती जास्त पुणेकर होणार नाही.

आता ससा. इथे मी जराही मागेपुढे पाहणार नाही. ससा हा स्वभावानं भेदरट प्राणी. त्याला अचानक उचललं की वाटतं, शिकाऱ्यानं पकडलं. तो मागच्या पायांनी जोरात झटका देतो आणि त्या झटक्यानं त्याचाच कणा मोडू शकतो. वीस मुलं, टाळ्या, मोबाईलचे कॅमेरे, उंच गच्ची आणि भल्या सकाळचा गारठा. यातलं काहीही त्याच्या सोयीचं नाही. अमेरिकेतही हे घडून गेलं आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयात २००९ मध्ये ग्राउंडहॉग महापौरांना चावला. २०१४ मध्ये नव्या महापौरांच्या हातून तिथलाच दुसरा ग्राउंडहॉग निसटून खाली पडला आणि आठवड्याभरात मेला. त्या पडण्यामुळेच मेला की आणखी कशामुळे, यावर बरीच चर्चा झाली. पण पुढच्या वर्षी महापौरांनी ग्राउंडहॉगला हातात घेतलं नाही. फिलसुद्धा खरं तर फेब्रुवारीत झोपायचा प्राणी. गाढ झोपेत ग्राउंडहॉगच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ऐंशीच्या आसपासवरून पाच-दहावर येतात. बिचाऱ्याला ऐन झोपेच्या दिवसांत दिव्यांच्या झगमगाटात उचलून धरणं मला आवडत नाही, आणि तिथल्या प्राणिप्रेमींनाही आवडत नाही.

आपल्याकडेही हा धडा घेऊन झालेला आहे. नागपंचमीला टोपलीत नाग घेऊन गारुडी दारोदार फिरायचे, ते तुम्हाला आठवत असतील. दूध हे सापाचं अन्न नाही, आणि त्या नागांचे किती हाल होत! बत्तीस शिराळ्यातही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या जागी प्रतिमांची पूजा सुरू झाली. सण त्यानं बुडाला नाही. पुण्यातल्या कितीतरी घरांत पोळ्याला मातीची बैलजोडी पूजतात, वसुबारसेला गाय-वासराची मूर्ती मांडतात आणि कुणालाही त्यात काही खोटं वाटत नाही. पाटावरचा हत्तीही काढलेलाच असतो. गंमत आपली असेल तर त्रासही आपणच घ्यायचा, प्राण्याला त्यात ओढायचं नाही, एवढं नातीला समजलं तर या वर्षीचं तिचं शिक्षण सार्थकी लागलं असं मी म्हणेन. हे तिला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सांगू नका, आजच सांगा. आणि नुसतं 'ससा नको' म्हणून थांबू नका, त्याच्या बदल्यात काय, तेही तिच्या हातात द्या.

माझं सुचवणं असं. ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातला प्राणी आहे. म्हणजे तुमच्या सोसायटीतल्या आंब्यावरची खार त्याची लांबची बहीण लागते. आणि याच कुळातलं आपलं शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, पुणे जिल्ह्यातच भीमाशंकरच्या जंगलात झाडांवरून झेपा घेत असतं. तांबूस पाठ, फिकट पोट, भलंमोठं झुपकेदार शेपूट. जुन्या मोज्यांचं, लोकरीचं, पुठ्ठ्याचं शेकरू मुलांनी मिळून करावं. शेपटीसाठी भांडणं होतील, होऊ द्या. सावली पडायला पुठ्ठाही पुरतो. पिट्सबर्गची आठवण आणि भीमाशंकरचं शेकरू एकाच गच्चीवर आले, की ती तिकडची की इकडची हा प्रश्न निदान त्या सकाळपुरता कुणी विचारणार नाही. पुढे कधी सगळ्यांनी मिळून भीमाशंकरला जा आणि खरं शेकरू लांबून, मान वर करून पाहा.

दुसरा बदल प्रश्नात करायला हवा. पंक्सटॉनीत फेब्रुवारीत बर्फ असतं, म्हणून सहा आठवड्यांचा प्रश्न तिथे शोभतो. २ फेब्रुवारीपासून सहा आठवडे म्हणजे १६ मार्च. पुण्यात तोवर दुपारी पंखा लागलेला असतो आणि माठ बाहेर आलेला असतो. इथे विचारायचं तर असं विचारा, 'गोधड्या माळ्यावर कधी टाकायच्या?' किंवा 'महाशिवरात्रीच्या आधी थंडी शिव शिव म्हणत जाणार का?' मुलांना हा प्रश्न लगेच कळेल, कारण सकाळच्या शाळेच्या बसला स्वेटर घालायचा की नाही, ही त्यांची रोजची लढाई असते.

वेळ पाहा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य सातच्या पुढे पाच-दहा मिनिटांनी उगवतो. शाळेचा वार असेल तर ते जमणार नाही. मग संध्याकाळ धरा. पेनसिल्व्हेनियातला सूर्योदय तेव्हा आपल्या घड्याळात साधारण सहाला येतो, म्हणजे फिलचा सोहळा तुम्हाला थेट पाहता येईल. आधी गच्चीवर मुलांचं शेकरू मावळत्या उन्हात उभं करा. तेव्हा सावल्या लांबच लांब पडतात आणि मुलांना त्या मोजायला आवडतात. मग घरात येऊन फिल काय म्हणतो ते बघा. शक्य असेल तर शेजारच्या त्या बाईंना व्हिडिओ कॉल लावा. त्या सकाळी जाग्या असणारच. मग खिरापत. डबा हलवायचा आणि ओळखायला लावायचं, अगदी भोंडल्यासारखं. मटार करंजी करा. हंगामही आहे आणि आवाजावरून ती पटकन ओळखूही येत नाही. ग्रुपवर लिहिणारे शेजारीही खिरापतीला नाही म्हणणार नाहीत.

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांना मी शेवटी ठेवलं, कारण या कार्यक्रमाला सगळ्यात जास्त गरज त्यांचीच आहे. ताई, ज्या माणसानं उभं आयुष्य हवामान खात्यात काढलं, त्यानं लग्नकार्यात, बसमध्ये, नातेवाइकांत एकच थट्टा किती वेळा ऐकली असेल, याचा विचार करून पाहा. 'वेधशाळेनं पाऊस नाही सांगितलं ना, मग छत्री घ्या.' रोज ठरलेल्या वेळी जाऊन पारा वाचायचा, वाऱ्याची दिशा नोंदवायची, सणावाराला सुट्टी न घेता तक्ते भरायचे आणि बाहेर येऊन हे ऐकायचं. हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून तर शिवाजीनगरच्या त्या चौकाला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो. त्या परंपरेत नोकरी केलेल्या माणसाला स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच नातीनं, एका सशाला हवामानतज्ज्ञ केलेलं दिसलं. त्यांना राग आला तो अंधश्रद्धेचा तर असेलच. पण 'माझ्या कामाला इथेही किंमत नाही' हे दुःखही त्यात असावं, असं मला वाटतं. नातीच्या मनात तसं काहीच नाही. आजोबा काय करत होते, हे तिला कुणी नीट सांगितलंय का?

म्हणून त्यांच्याकडे परवानगी मागायला जाऊ नका, सुनेलाही मध्यस्थीला पाठवू नका. नातीला एक वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. शेकरूचा अंदाज एका पाकिटात जाईल, आजोबांचा दुसऱ्या पाकिटात. दोन्ही पाकिटं चिकटवून १६ मार्चपर्यंत कपाटात. मधल्या काळात मुलांनी रोजचं किमान तापमान वहीत लिहायचं. शिवाजीनगर आणि पाषाणचे आकडे वर्तमानपत्रात येतात, आणि ते एकमेकांपासून वेगळे का असतात, हे मुलं दुसऱ्याच दिवशी विचारतील. गच्चीवर ठेवलेला थर्मामीटर तिसरंच काही सांगेल. मग आजोबांना सांगावं लागेल की, तापमान मोजायचं यंत्र झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून ठराविक उंचीवर का ठेवतात आणि तापलेल्या स्लॅबवर का ठेवत नाहीत. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, हे ऐकून मुलं डोळे विस्फारतील. सोळा मार्चला पाकिटं फोडाल तेव्हा बहुधा आजोबाच जिंकतील. क्वचित शेकरू जिंकलं, तर एकदा बरोबर येणं आणि दरवर्षी बरोबर येणं यातला फरक ते समजावतील. तो धडा त्यांच्याइतका चांगला कोण देणार?

सावलीचा विषय निघालाच आहे, तर मे महिना त्यांच्यासाठी राखून ठेवा. १३-१४ मेच्या सुमाराला पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. जुलैअखेरीस पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा ढग असतात. पंक्सटॉनीत हे कधीच घडत नाही, कारण ते गाव कर्कवृत्ताच्या बरंच उत्तरेला आहे. पिट्सबर्गच्या शेजारीणबाईंना दाखवण्यासारखं नातीकडे तेव्हा पुण्याचं काहीतरी असेल, आणि तो कार्यक्रम आजोबांनी घ्यावा.

ज्यांच्याकडे मुलं परदेशातून असेच सण घेऊन आली आहेत, त्या इतर वाचकांनीही यातलं हवं ते उचलावं. भोपळे कोरायचे असोत की अंडी रंगवायची असोत, आधी मुलाला विचारा की त्या दिवशी तिकडे त्याच्यासोबत कोण होतं. उत्तरात बहुतेक वेळा एखादं माणूस निघतं आणि सण त्याच्यामागून येतो. मग आपल्या घरात त्याला कुठली जागा द्यायची, हे ठरवणं सोपं जातं. प्राणी असेल तर कागदाचा, खाणं आपलं आणि घरातल्या सगळ्यात नाराज माणसाकडे सगळ्यात मोठं काम.

तर ताई, सुरुवात आज संध्याकाळच्या चहापासून करा. यजमानांपुढे ग्राउंडहॉगचं नावही काढू नका. इतकंच विचारा, 'पुण्यात थंडी संपली असं नक्की कधी म्हणायचं? किती दिवस, किती अंशांच्या वर?' याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असेल, कदाचित त्यावर बराच वेळ बोलतीलही. त्यांना बोलू द्या आणि नातीला वही घेऊन शेजारी बसवा. शेकरूचा नियम तिथेच ठरेल.